शस्त्र अंगावर बाळगण्याची रीत : मावळातील कमरबंदापासून परवान्याच्या पिस्तुलापर्यंत

प्रास्ताविक

शस्त्रांच्या इतिहासाचे लेखन बहुधा पाते, नळी आणि मारा यांच्याभोवती फिरत राहिले आहे. शस्त्र कोणी घडविले, कोणत्या लढाईत ते वापरले गेले आणि त्याचा परिणाम काय झाला, या प्रश्नांची उत्तरे ग्रंथांतून विपुल मिळतात. परंतु शस्त्र हातात घेऊन चालविण्याचे क्षण कोणत्याही शस्त्रधाऱ्याच्या आयुष्यात अत्यल्प असतात. उरलेला सर्व काळ ते नुसते अंगावर असते. चालताना, कडा चढताना, घोड्यावरून जाताना, बैठकीत मांडी घालून बसताना ते सांभाळावे लागते. ते रुतू नये, घसरू नये, वाजू नये, परक्याच्या हाती लागू नये आणि हवे तेव्हा विनासायास हाती यावे, या गरजा एकमेकींच्या विरोधात जाणाऱ्या आहेत. जे शस्त्र घट्ट बसते ते टोचते आणि जे सुखद वाटते ते हलते. या पेचातून प्रत्येक काळाने आपापली वाट काढली. त्या वाटेवर वस्त्राचा, बैठकीचा आणि कायद्याचाही ठसा उमटलेला आहे.

प्रस्तुत लेखात मावळ प्रांत, विशेषतः लोणावळ्याच्या आसपासचा आंदर, नाणे व पवन मावळाचा टापू, हा विचाराचा केंद्रबिंदू मानला आहे. मावळाच्या सैनिकी परंपरेतील काही घटना या टापूबाहेर घडल्या. तेथे विषयाच्या ओघाने जावे लागते. शस्त्र अंगावर कसे बसवावे, हा तांत्रिक प्रश्न येथे एका नैतिक प्रश्नाशी जोडलेला दिसतो. तो प्रश्न म्हणजे शस्त्र दिसावे की झाकलेले असावे. या प्रश्नाला साडेतीनशे वर्षांत मिळालेली उत्तरे परस्परांच्या अगदी उलट आहेत.

कमरबंद : वस्त्र हेच शस्त्राचे घर

ग्रँट डफ याने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात शिवकालीन पायदळाच्या पोशाखाचे वर्णन केले आहे. मांडीच्या अर्ध्यापर्यंत येणारी आखूड विजार, डोक्याला पागोटे, क्वचित अंगात सुती बंडी आणि कमरेभोवती घट्ट आवळलेला लांब, अरुंद पण मजबूत पट्टा, असा तो पोशाख होता. यांतील शेवटची बाब शस्त्राभ्यासकांच्या नजरेतून सहसा निसटते. वस्तुतः हा कमरबंद म्हणजे मावळ्याच्या शस्त्रव्यवस्थेचा पाया होता. त्याच इतिहासात मावळे हे हातघाईच्या तलवारीसाठी, तर कोकणातील हेटकरी हे बंदुकीच्या नेमासाठी नावाजलेले होते, असाही भेद नोंदविला आहे. डोंगरचढणीचे काम आणि हातघाईचे शस्त्र यांचा मेळ घालावयाचा, तर दोन्ही हात मोकळे ठेवणारी बांधणी अनिवार्य होती.

कमरबंदाचे यांत्रिक रहस्य साधे आहे. कापडाचे अनेक वेढे एकमेकांवर बसले, की त्यांच्यातील घर्षणानेच मधे खोचलेली वस्तू धरून ठेवली जाते. तिला बकलाची वा कडीची गरज उरत नाही. वजन एका दोरीवर न येता कमरेच्या साऱ्या घेरावर पसरते. वेढे सैल-घट्ट करून ज्याच्या त्याच्या अंगाप्रमाणे बेत बसविता येतो. लोखंडाचे शस्त्र व अंग यांच्यामध्ये कापडाची घडी आपोआप येते. लांब चढणीत कंबरेला आधार मिळतो, हा आणखी एक लाभ. ‘कंबर कसणे’ हा वाक्प्रचार निव्वळ आलंकारिक नाही, हे राजमाचीची किंवा तुंगची वाट एकदा चढून गेलेल्यास वेगळे सांगावे लागत नाही.

कमरबंदात कट्यार खोचली जाई, तर तलवार खांद्यावरून तिरका येणाऱ्या परतळ्याला किंवा कमरेच्या दोरीला म्यानासह अडकविली जाई. कट्यारीची मूठ आडव्या दांड्यांची आणि पाते आखूड, त्रिकोणी असते. त्यामुळे ती पोटाशी तिरकी खोचली, तरी मांडी घालून बसणाऱ्याच्या आड येत नाही. लांब तलवारीचे तसे नाही. बैठकीवर बसताना ती सोडून मांडीवर किंवा शेजारी ठेवावी लागे. दरबारी चित्रांतून बसलेल्या सरदारांच्या हाती किंवा मांडीवर म्यानबंद तलवार दिसते, त्यामागे रुबाबाइतकीच ही अडचणही आहे. शस्त्र बाळगण्याचा इतिहास हा बऱ्याच अंशी बसण्याच्या पद्धतीचा इतिहास आहे, असे म्हणण्यास जागा आहे. बैठक, खोगीर, खुर्ची आणि मोटारीचे आसन यांपैकी प्रत्येकाने शस्त्राची अंगावरील जागा बदलावयास लावली.

मावळात या सर्वांवर पावसाची सत्ता चालते. लोणावळ्यास वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कातडे हा ओल धरून ठेवणारा पदार्थ. त्याच्या आत ठेवलेले लोखंड बाहेरच्यापेक्षा लवकर गंजते. लाकडी म्यानावर कापड वा कातडे चढवून तोंडाशी मुहनाळ व टोकाशी तहनाळ ही धातूची टोपणे बसविण्याची पद्धत पाते सुरक्षित ठेवी, पण चार महिन्यांच्या झडीत म्यान फुगून पाते अडकणे किंवा आत तांबेरा धरणे हे संकट राहतेच. पाऊस लागला की शस्त्र म्यानाबाहेर काढून तेल लावावे लागे. वरून घेतलेली घोंगडी हे त्या काळचे सर्वांत व्यवहार्य आच्छादन होते. तिच्याआड माणूस, शिधा आणि शस्त्र तिन्ही झाकली जात.

या ठिकाणी बंदुकीचा अपवाद लक्षात घ्यावयास हवा. शिवकाळातील बंदूक मुख्यतः तोड्याची होती. जळता तोडा रंजकाला लावून ती उडविली जाई. जळत्या तोड्याचा धूर, वास आणि रात्रीचा लाल ठिपका लपविता येत नाही; कपड्याआड तर तो नेताच येत नाही. म्हणून त्या काळात झाकून नेण्याजोगे आणि तत्काळ चालणारे शस्त्र म्हटले, की ते धारेचेच असे. युरोपात मात्र सोळाव्या शतकाच्या आरंभी चाकाच्या घर्षणाने स्वतःच ठिणगी पाडणारी बंदूक निघाली आणि तोड्याची गरज संपली. ती अंगरख्याआड नेता येते, ही गोष्ट राज्यकर्त्यांच्या ध्यानात येण्यास वेळ लागला नाही. सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याने १५१७-१८ च्या सुमारास अशा बंदुकांवर बंदी घातली. छुप्या बंदुकीचे भय आणि तिच्यावरील कायदा ही दोन्ही जवळजवळ एकाच वेळी जन्मास आली.

प्रतापगड, १६५९ : दिसणारे शस्त्र आणि न दिसणारे शस्त्र

झाकलेल्या शस्त्राचा महाराष्ट्रातील सर्वांत परिचित प्रसंग जावळीच्या खोऱ्यात १० नोव्हेंबर १६५९ रोजी घडला. त्याचा राजकीय इतिहास सर्वश्रुत आहे. येथे तो केवळ शस्त्र बाळगण्याच्या दृष्टीने पाहावयाचा आहे. कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या हाती बिचवा व वाघनख असल्याचा उल्लेख येतो. सोबत असलेल्या जिवा महालाजवळ पट्टा व तलवार ही उघड शस्त्रे होती. अफझलखानाजवळ जमदाड होती. भेटीपूर्वी झालेल्या बोलाचालीत पट्ट्याच्या कामात निष्णात असलेल्या सय्यद बंडाला दूर करण्याची मागणी झाली आणि ती खानाने मान्य केली.

या तपशिलातून एक गोष्ट स्पष्ट होते. जे शस्त्र दिसते त्याच्याविषयी वाटाघाट करता येते. पट्टेकरी किती अंतरावर उभा राहील, सोबत किती माणसे असतील, हे ठरविता येते. जे दिसत नाही ते वाटाघाटीच्या बाहेर राहते. खानाची जमदाड कमरेला होती, म्हणजे दिसणाऱ्या शस्त्रांतील होती; परंतु मिठीच्या अंतरात ती अचानक बाहेर आली, तेव्हा तिचे दिसणे निरुपयोगी ठरले. बखरीप्रमाणे पहिला वार खानाचा. तो अंगावरील कुडतीवरून घसरला. आत चिलखत होते, अशी परंपरा आहे. याचा अर्थ, त्या दिवशी झाकलेल्या गोष्टी दोन होत्या. एक मारणारी आणि एक वाचविणारी.

वाघनखाची रचना या विषयाच्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. लोखंडी पट्टीच्या खालच्या अंगाला चार-पाच वळविलेल्या नख्या आणि दोन टोकांना तर्जनी व करंगळी जाण्याजोग्या दोन अंगठ्या, एवढाच त्याचा आकार. मूठ मिटली की नख्या तळहातात जातात आणि बाहेर फक्त अंगठ्या दिसतात; त्या दागिन्यासारख्या वाटतात. शस्त्राला वेगळ्या घराची गरजच उरत नाही. हात हेच त्याचे म्यान होते. अंगठ्यांमुळे ते निसटत नाही, झटापटीत दुसऱ्याला ते हिसकावता येत नाही आणि ते बाहेर काढण्यात क्षणही जात नाही. बिचव्याची मूठही बंद कड्याची असते. बोटे तिच्यात अडकलेली राहतात, म्हणून घामाने वा रक्ताने हात निसरडा झाला तरी शस्त्र सुटत नाही. झाकणे, स्थिर ठेवणे आणि हाती येणे या तिन्ही गरजा इतक्या थोड्या लोखंडात भागविणारे दुसरे साधन त्या काळात सापडणे कठीण.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील, ग्रँट डफ याच्या संग्रहातून आलेले वाघनख जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आणण्यात आले आणि साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शित झाले. ते प्रतापगडावरील प्रसंगी वापरलेलेच आहे, याची खात्री देता येत नाही, असे त्या संग्रहालयाने म्हटले आहे. त्यावरून झालेला वाद भावनेच्या अंगाने समजण्यासारखा असला, तरी वस्तूच्या रचनेतून मिळणारी माहिती त्या वादाने उणावत नाही.

या प्रसंगाची नैतिक चर्चा एकोणिसाव्या शतकात फार तीव्र झाली. ग्रँट डफ याने त्यात विश्वासघात पाहिला. मराठी इतिहासकारांनी त्याचे खंडन केले. वादाच्या मुळाशी वस्तुतः शस्त्र झाकलेले होते ही एकच गोष्ट होती. उघड तलवारीने तोच परिणाम साधला असता, तर इतकी शाई खर्ची पडली नसती. लोकमान्य टिळकांनी पुण्यातील शिवराज्याभिषेक उत्सवात १२ जून १८९७ रोजी या प्रश्नाचा परामर्श घेतला. त्या समारंभाचा वृत्तान्त १५ जूनच्या ‘केसरी’त आला आणि त्याच वर्षी झालेल्या राजद्रोहाच्या खटल्यात तो पुरावा म्हणून पुढे करण्यात आला. टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १६५९ मधील एका झाकलेल्या शस्त्राचा अर्थ काय लावावयाचा, याला १८९७ मध्ये तुरुंगवासाची किंमत होती.

घोड्यावरचे पिस्तूल, माणसावरचे पिस्तूल

इंग्रजांच्या शस्त्रांशी नाणे मावळाचा निकट परिचय झाला तो जानेवारी १७७९ मध्ये. मुंबईहून बोरघाट चढून आलेली कंपनीची फौज कार्ले, तळेगाव, वडगाव या पट्ट्यात अडकली. ‘इष्टूर फाकडा’ म्हणून मराठी लोकस्मृतीत राहिलेला कॅप्टन स्टुअर्ट कार्ल्याजवळ ४ जानेवारीस मारला गेला. फौजेला वडगाव येथे तह पत्करावा लागला. या काळातील युरोपीय घोडेस्वाराची पिस्तुले खोगिराच्या पुढच्या अंगास दोन्ही बाजूंना टांगलेल्या चामडी घरांत ठेवण्याची रीत होती. म्हणजे पिस्तुलाचे घर घोड्यावर असे, माणसावर नव्हे. स्वार पायउतार झाला की पिस्तूल घोड्याबरोबर राही. एकच बार सोडणारे, लांब व जड असे ते शस्त्र अंगावर वागविण्याची सोय नव्हती आणि फारशी गरजही नव्हती.

हे चित्र बदलले ते सॅम्युअल कोल्टच्या १८३६ च्या पेटंटनंतर. एकामागून एक सहा बार काढणारे, तोड्याशिवाय व चकमकीशिवाय टोपीच्या दारूवर चालणारे रिव्हॉल्व्हर प्रचारात आले. १८५१ च्या नमुन्याचे वजन सुमारे सव्वा किलो होते. आता ते कमरेवर येणे अटळ होते. सव्वा किलोचे एकाकडेला ओढणारे वजन कमरेवर स्थिर कसे ठेवावयाचे, हा प्रश्न मग उभा राहिला. त्याचे एक प्रसिद्ध उत्तर हिंदुस्थानातच सापडले. ३१ ऑगस्ट १८५८ रोजी सीरपुरा येथील चकमकीत कॅप्टन सॅम ब्राऊन याचा डावा हात तुटला. एका हाताने म्यान धरून दुसऱ्याने तलवार उपसणे अशक्य झाल्यावर त्याने कमरेच्या रुंद चामडी पट्ट्याला उजव्या खांद्यावरून जाणारा तिरका पट्टा जोडला. तलवार डाव्या बाजूला स्थिर राहिली आणि उजव्या बाजूला झाकणाच्या घरात पिस्तूल बसले. पुढे हा पट्टा लष्करात आणि पोलिसांत सर्वत्र पसरला. परतळा व कमरबंद यांच्या जोडीने जे काम पूर्वी होत असे, तेच चामड्याने व पितळी बकलाने करण्याचा हा प्रयत्न होता, असे तुलनेने दिसते. फरक एवढाच, की कापड अंगाप्रमाणे वळते, तर चामड्याला अंगाने वळण लावावे लागते.

सॅम ब्राऊनचा पट्टा हा उघड शस्त्राचा पट्टा होता. अधिकार दिसावा, यासाठीच तो होता. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे धावू लागली, लोणावळ्यास रेल्वेची वसाहत उभी राहिली, खंडाळा हवापालटाचे ठिकाण झाले. तेथे येणाऱ्या युरोपियनांच्या कमरेला पिस्तूल असले, तरी त्यांना कोणी परवाना विचारीत नसे. याचे कारण पुढील कायद्यात आहे.

१८७८ : लपविण्याचा वाढीव गुन्हा

मावळातील किल्ले मार्च १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेले. विसापूर ४ मार्चला पडला, पाठोपाठ लोहगड. किल्ल्यांवरील शिबंदी मोडली, परंतु गावोगावची शस्त्रे लगेच नाहीशी झाली नाहीत. १८५७ च्या उठावानंतर त्यांच्यावर कायद्यांची मालिका सुरू झाली आणि लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्र अधिनियमाने ती पूर्ण झाली. परवान्याशिवाय शस्त्र घेऊन फिरण्यास बंदी आली. युरोपियनांना नियमांद्वारे सूट मिळाली. या भेदाविरुद्ध काँग्रेसने आरंभीच्या अधिवेशनांपासून आवाज उठविला.

या अधिनियमातील एक तरतूद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. कलम १९ खालील सामान्य उल्लंघनास तीन वर्षांपर्यंतची शिक्षा होती. परंतु तेच कृत्य सरकारी नोकराच्या नजरेस येऊ नये अशा उद्देशाने केले, तर कलम २० खाली ती सात वर्षांपर्यंत जाई. लपविणे हा स्वतंत्रपणे मोजला जाणारा दोष ठरला. एका अर्थी कायद्याने जुन्या समाजाचीच धारणा उचलली. उघड शस्त्र हे प्रतिष्ठेचे, झाकलेले शस्त्र हे संशयाचे. मात्र उघड बाळगण्याचा मार्गच बहुतांश लोकांना बंद केल्यावर ज्याला शस्त्र हवे, त्याला लपविण्यावाचून गत्यंतर उरले नाही. कायद्याने ज्या वर्तनाला अधिक शिक्षा ठेवली, त्याच वर्तनाकडे लोकांना ढकलले, हे त्यातील व्यंग होते.

त्याचा पुरावा टिळकांच्या त्या भाषणानंतर दहाच दिवसांनी मिळाला. पवन मावळातून वाहत येणारी पवना नदी चिंचवडावरून पुढे जाते. त्या चिंचवडच्या दामोदर व बाळकृष्ण चापेकर बंधूंनी २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. दामोदर चापेकर यांच्या निवेदनानुसार दोघांजवळ पिस्तुलांबरोबर तलवारीही होत्या. त्या त्यांनी जवळच्या एका दगडी मोरीखाली ठेवून दिल्या. ही नोंद लहान वाटते, पण शस्त्रधारणेच्या इतिहासात तिला वळणाचे स्थान द्यावे लागेल. तलवार प्रतिष्ठेची, परंपरेची, मनाला बळ देणारी. परंतु धोतर-उपरण्याच्या पोशाखात ती झाकत नाही आणि धावताना पायांत येते. पिस्तूल झाकते. राणीच्या हीरकमहोत्सवाच्या आतषबाजीच्या रात्री मोरीखाली राहिली ती मावळ्यांच्या परंपरेची शस्त्रे, आणि अंगावर राहिले ते नव्या काळाचे. दामोदर चापेकर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यास फाशी झाली.

कराचीपासून घटना समितीपर्यंत

शस्त्र अधिनियमाविषयीचा रोष हा राष्ट्रीय चळवळीचा स्थायी भाग बनला. मार्च १९३१ मधील कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट होता. स्वातंत्र्यानंतर घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णू कामत यांनी त्याचीच आठवण देऊन तसा हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. प्रत्येकाला बाजारात जाऊन हवे ते मारक साधन घेण्याचा हक्क असेल, तर राज्यकारभार चालणेच अशक्य होईल, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. दुरुस्ती फेटाळली गेली. घटनेच्या अनुच्छेद १९ मध्ये एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य आले ते ‘शांततेने व विनाशस्त्र’ या अटीसह. अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात शीखधर्मीयांचे कृपाण तेवढे मान्य झाले. साठ-सत्तर वर्षांच्या मागणीचा असा शेवट होणे कोणास विसंगत वाटेल. परंतु परकीय सत्तेखाली निःशस्त्र असणे आणि स्वतःच्या राज्यात शस्त्र परवान्याखाली ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा आंबेडकरांचा दृष्टिकोन फाळणीच्या हिंसाचारातून नुकत्याच बाहेर पडलेल्या समितीला पटण्यासारखाच होता.

१९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या १९६२ च्या नियमांतील परवान्याच्या अटींनुसार विशेष परवानगीवाचून शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक समुदायात किंवा शिक्षणसंस्थेच्या आवारात नेण्यास मनाई झाली. कार्ल्याच्या एकवीरेच्या चैत्री यात्रेस जाणाऱ्या परवानाधारकाला पिस्तूल घरीच ठेवावे लागे. याखेरीज महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालील आदेश सणासुदीला व निवडणुकीला निघतच असतात.

झाकण्याची सक्ती

खरी उलथापालथ झाली ती शस्त्र नियम, २०१६ मुळे. या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर न्यावयाचे, तर ते त्यासाठीच बनविलेल्या आणि अंगाला जोडलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत असले पाहिजे; ते पूर्णपणे झाकलेले असले पाहिजे; आणि बाळगणाऱ्याचा त्यावर परिणामकारक ताबा असला पाहिजे. १८७८ मध्ये लपविण्यास जादा शिक्षा होती, तर २०१६ मध्ये न झाकणे हाच नियमभंग ठरला. दिसणारे शस्त्र आता प्रतिष्ठेचे नव्हे, दहशतीचे चिन्ह मानले गेले. विवाहाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडण्याच्या अनिष्ट प्रथेवर २०१९ च्या दुरुस्ती अधिनियमाने स्वतंत्र शिक्षा ठेवली आणि एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली.

या नियमाने होल्स्टर ही हौसेची वा सोयीची वस्तू न राहता कायदेशीर गरज झाली, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ‘झाकलेले’ आणि ‘ताब्यात’ या दोन शब्दांत जुना पेच पुन्हा उभा आहे. कानपूरच्या आयुध कारखान्यातून २०१४ मध्ये स्त्रियांना डोळ्यांपुढे ठेवून काढलेले ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हर सुमारे अर्ध्या किलोचे आहे. कोल्टच्या तुलनेत हे वजन निम्म्याहून कमी. पण साध्या पँटच्या अरुंद, मऊ पट्ट्यावर तेही बाहेरच्या बाजूस कलते, सदऱ्यातून उठून दिसते आणि वाकताना सरकते. मऊ कापडी घर अंगाला सुखद वाटते, परंतु पिस्तूल बाहेर काढताच ते चिमटते आणि परत ठेवताना त्याची कड चापावर दाबली जाण्याचा धोका राहतो. म्हणून चापाभोवतीची कडी पूर्ण झाकणारे, तोंड उघडे राहील इतके ताठ घर आणि ते तोलून धरणारा दुहेरी चामड्याचा पट्टा, यांना जाणकार पसंती देतात. ताठ घर नीट कोनात व हाडाच्या उंचवट्यापासून बाजूला बसविले, तर प्रारंभीचा त्रास कमी होतो. निव्वळ सुखासाठी निवडलेले सैल घर मात्र प्रत्येक पावलाला हलते आणि माणसाचा हात वारंवार तेथे जातो. झाकलेले शस्त्र सर्वांत आधी उघडे पडते ते असे. हातात धरावयाच्या पिशवीत शस्त्र झाकले जाते खरे, पण पिशवी खुर्चीला अडकविली की ताबा गेला. ‘अंगाला जोडलेले’ या शब्दयोजनेचा हेतू हाच असावा.

द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाल्यापासून लोणावळ्याचा प्रवासी बहुतेक वेळ मोटारीच्या आसनात असतो. कमरेच्या उजव्या अंगाला असलेले घर तेथे आसनपट्ट्याच्या बकलाखाली जाते. पोटाशी तिरकी खोचलेली कट्यार बैठकीतही सुलभ राही. तिच्यासारखीच पुढच्या बाजूची जागा काही जण आता पिस्तुलासाठी निवडतात. परंतु कट्यारीचे टोक म्यानात असे, आणि नळीचे टोक बसलेल्या माणसाच्या मांडीकडे व जांघेकडे रोखलेले असते. जुन्या सोयीची नक्कल येथे धोकादायक ठरते. लोणावळ्याच्या पावसात कातडी घरात रात्रभर राहिलेल्या लोखंडाला तांबेरा आजही धरतो. म्हणून १९७० नंतर परदेशात प्रचारात आलेली ताठ प्लास्टिकची घरे ओल्या प्रदेशात अधिक सोयीची ठरतात.

याच प्रदेशात एक साधन या सर्व घडामोडींपासून अलिप्त राहिले आहे. कातकरी, ठाकर, महादेव कोळी, धनगर आणि रानात जाणारा कोणताही शेतकरी कमरेच्या दोरीला पाठीमागे लाकडी आकडी बांधतो आणि तीत कोयता अडकवितो. लाकूड ओल धरून बसत नाही, पाते मोकळ्या हवेत राहून लवकर सुकते, मूठ उजव्या हाताला आपोआप सापडते, आणि झाडावर चढताना वा भारा उचलताना पोट व मांड्या मोकळ्या राहतात. १९५९ च्या अधिनियमाने केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठी असलेल्या वस्तू शस्त्रांच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. त्यामुळे आकडीतला कोयता झाकावा लागत नाही आणि त्याला परवानाही लागत नाही. पावसाळ्याच्या तोंडी मळवली किंवा कामशेत स्थानकावर उतरणाऱ्या माणसाच्या पाठीशी तो उघड दिसतो. घरी पोहोचल्यावर आकडी दोरीसकट खुंटीला अडकविली जाते आणि कोयता वळचणीला खोचला जातो.